ज्येष्ठेच्या कानामागचा पोचा

संग्रामपुरात मी गेले ती पोस्टमास्तरांची बायको म्हणून. महिन्याभरात तिथल्या मुलींच्या शाळेत दुय्यम शिक्षिका झाले. दुय्यम हा शब्द नेमणुकीच्या कागदावर होता. प्रत्यक्षात मुख्याध्यापिका द्वारकाबाईंच्या हाताखाली पहिला-दुसरा असा नंबर कुणाला नसेच. आधी त्या होत्या, आणि मग बाकीचं सगळं संग्रामपूर होतं. त्या बाकीत मी, आमचे पोस्टमास्तर, पाटील आणि वर्षातून एकदा येणारे इन्स्पेक्टर असे सगळे मोडत होतो.

बाई उंच आणि वाळक्या होत्या. काठाचं साधं लुगडं, मोकळं कपाळ, हातात काळी छत्री. ती छत्री उन्हात उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती माणसांकडे रोखायला होती. चौदाव्या वर्षी विधवा होऊन त्या माहेरी परत आल्या, बापानं हट्टानं शिकवलं, ट्रेनिंग करून त्या याच गावात मोठ्या बाई झाल्या. हे मला त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्याबद्दल गावच सांगत असे, आणि सांगताना आधी मागं वळून बघत असे.

त्यांना एक खोड होती. हातात आलेली वस्तू त्या आधी हुंगत. वांगी हुंगत, खडू हुंगत, पत्रं हुंगत. मी पहिल्या दिवशी रुजू झाल्याचा कागद दिला तोही त्यांनी नाकाशी नेला आणि मग टेबलावर ठेवला. मी पास झाले की नाही ते कळलं नाही. दुसरी खोड एका वाक्याची. "पुढचा धडा." मुलगी रडली, छप्पर गळलं, गावात कुणी मेलं, इंग्रजानं लढाई पुकारली, तरी बाई दोन मिनिटं ऐकून घेत आणि म्हणत, "बरं. पुढचा धडा." जगात त्यांचं असं कुठं अडत नसे. एका ठिकाणी मात्र त्या अकरा वर्षं अडून बसल्या होत्या, आणि त्या ठिकाणाचं नाव गोदावरी.

गोदावरी ही त्यांची धाकटी बहीण. तिला गावातच कापडदुकानदाराच्या घरी दिलेली. दोन्ही घरांच्या मधे हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर होतं, आणि म्हणूनच बहुधा कुणी हाक मारत नसे. बाई तिचा उल्लेख "खालच्या आळीतली बाई" असा करत. गोदाताई बाईंचा उल्लेख "शाळा" असा करत. "शाळेनं आज भेंडी घेतली म्हणे." अबोला इतका कडक की दोघींना एकमेकींच्या घरी सकाळी काय शिजलं ते दुपारपर्यंत पाठ असे.

बाजाराच्या दिवशी हा अबोला ऐकण्यासारखा असायचा. दोघी एकाच माळणीकडून भाजी घेत. जी दुसरीकडे जाईल ती हरली असं ठरलं असतं. बाई वांगं हुंगून माळणीला सांगत, "काही लोकायले जून वांगं ओळखू येत नाही वो. घरच्यायले तेच खाऊ घालतात." पलीकडून गोदाताई कोथिंबिरीची जुडी झटकून माळणीलाच म्हणत, "ज्यायच्या घरी खाणारं कोणी नाही, त्यायले निवडाले वेळच वेळ राह्यते." लेकी बोले सुने लागे, म्हणतात ते असं. माळीण बिचारी दोघींना हो म्हणायची आणि दोघींना दोन-दोन वांगी जास्त खपवायची. माझ्या मते त्या भांडणाचा खराखुरा फायदा एकट्या तिचाच झाला.

गोदाताईंची मुलगी इंदू आमच्याच शाळेत चौथीत होती. आपल्या सख्ख्या मावशीला ती इतर मुलींसारखी "मोठ्या बाई" म्हणे. बाईही हजेरी घेताना तिचं नाव असं काही सपाट उच्चारत की जणू ते आज पहिल्यांदाच वाचतात. गृहपाठ मात्र तिला दुप्पट. तिची पाटी त्या सगळ्यांत शेवटी तपासत आणि सगळ्यांत जास्त वेळ तपासत.

चौथीच्या पुस्तकात भावंडांच्या प्रेमावर एक धडा होता. बाई तो दरवर्षी गाळत. "परीक्षेत येत नाही," एवढंच कारण. एका वर्षी इन्स्पेक्टर आले आणि दैव असं की पुस्तक उघडून त्यांनी नेमका तोच धडा शिकवायला सांगितला. बाईंनी पुस्तक नाकाशी नेलं. मग वर्गाकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "भावंडांनी प्रेमानं राहावं असं या धड्यात सांगितलं आहे. ते कुठं राहतात ते सांगितलेलं नाही. पुढचा धडा." पुढच्या बाकावर इंदू मान खाली घालून हसत होती की रडत होती, मला दिसलं नाही. इन्स्पेक्टरांनी शेरेबुकात लिहिलं, "अध्यापन संक्षिप्त." बाईंनी तो शेरा हुंगला आणि शेरेबुक मिटलं.

आता मूळ भांडण. आमच्या भागात भादव्यात महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. दोघी सख्ख्या बहिणी, तीन दिवसांच्या माहेरवाशिणी. धान्याच्या कोठ्यांना लुगडी नेसवायची, वर पितळेचे मुखवटे बसवायचे, पहिल्या दिवशी आणायच्या, दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, पुरणपोळी आणि ज्वारीची आंबील यांचं जेवण, तिसऱ्या दिवशी हलवायच्या. एकदा बसवल्या की तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांना जागचं हलवत नाहीत. बाईंच्या आईला मुलगा नव्हता. तिच्यामागं तिच्या महालक्ष्म्या कुणी बसवायच्या हा प्रश्न आई गेल्यावर पहिल्याच भादव्यात आला. बाई घरात राहणाऱ्या, पण विधवा. गोदाताई सवाष्ण, पण दुसऱ्या घरच्या. तोडगा असा निघाला की माहेरच्या घरातच दोघींनी मिळून बसवायच्या. तोडगा चांगला होता. तो साधारण पाऊण तास टिकला.

बाईंनी मला हे एकदाच सांगितलं, शाळेत वह्या तपासता तपासता, वहीवरून नजर न काढता. घरात चाळीस बाया जमलेल्या. बाईंनी ज्येष्ठेचा मुखवटा उचलला, आणि गोदाताई सगळ्यांसमोर म्हणाली, "अक्का, तू नको लावू हात."

"तिची सासू मागं उभी होती," बाई म्हणाल्या. "तिच्या धाकानं बोलली असंन. पण तोंड तिचंच होतं."

बाईंनी ज्येष्ठा पदराखाली घेतली आणि म्हणाल्या, तुझी तू घेऊन जा. गोदाताई कनिष्ठा घेऊन सासरी गेली. शेतं वाटली गेलेली आपण पाहतो, विहिरीचं पाणी वाटलेलं पाहतो. इथं देवी वाटली गेली. पुढली अकरा वर्षं संग्रामपुरात दोन घरी अर्धी अर्धी महालक्ष्मी बसली. बाईंकडे खरी ज्येष्ठा आणि शेजारी कुंभाराकडून आणलेली मातीची कनिष्ठा. गोदाताईंकडे खरी कनिष्ठा आणि शेजारी खामगावच्या बाजारातली रंगीत, गालफडं वर आलेली ज्येष्ठा. गावच्या बाया दोन्हीकडे जेवत आणि दोन्हीकडे सांगत की खरी शोभा तुमच्याकडेच आहे. तसं पाहिलं तर सगळ्या वऱ्हाडाचंच तेव्हा असं होतं. कागदावर मालक निजाम, वहिवाट इंग्रजाची, आणि हुकूम नागपूरहून. एवढा मोठा मुलूख तसा चालत होता, तर दोन मुखवट्यांचं काय घेऊन बसलात.

"बरं," वही मिटून बाई म्हणाल्या होत्या, "पुढचा धडा." पण पुढची वही त्यांनी बराच वेळ उघडली नाही.

त्या दिवसापासून बाईंनी मुखवट्याला चारचौघांत हात लावला नाही. त्यांच्या घरी उंबऱ्यापासून लक्ष्मी आणायचं काम सवाष्णीचं, म्हणून माझं. मी मुखवटा घेऊन हळदीकुंकवाच्या पावलांवरून चालायची आणि बाई दोन हात दूर उभ्या राहून सांगायच्या: डावीकडे, थोडं वर, पदर सारखा कर. "हात तुझा, अक्कल माझी," असं त्या म्हणत. मी एकदा म्हटलं, तुमच्या आईची लक्ष्मी आहे, तुम्ही लावा हात, इथं कोण बघतंय. त्या म्हणाल्या, "मला नको म्हणणारीनं हो म्हणेपर्यंत नाही." आणि लगेच मला कोठीची सुरकुती नीट करायला लावलं. माणूस आत कुठं दुखावलं आहे ते मला तेव्हा कळलं. त्या हाताला अकरा वर्षं फक्त एका तोंडाच्या परवानगीची वाट होती, आणि ते तोंड बाजारात माळणीशी बोलत होतं.

दोन्ही मुखवटे वर्षातून एकदा एका छताखाली यायचे, ते करीमचाचांच्या दुकानात. करीमचाचा भांड्यांना कलई करत, फुटक्याला डाग देत, पितळेला उजाळा देत. दोघींचे मुखवटे सणाआधी त्यांच्याकडेच जात, कारण आईच्या वेळेपासून तेच करत. बाईंचा तांबड्या दोऱ्यानं बांधलेला, गोदाताईंचा पिवळ्या. बाईंचा निरोप मीच पोचवत असे: आमचा वरच्या फळीवर ठेवावा, आणि भिंतीकडे तोंड करून. करीमचाचा मान डोलावत. "खालच्या आळीचा पन हाच निरोप आहे बाई," ते म्हणत. "दोघींचे तोंड भिंतीकडे. भिंतीचं नशीब मोठं."

अबोल्याच्या अकराव्या वर्षी मुखवटे उजळून झाले आणि मी आमचा तांबड्या दोऱ्याचा घेऊन आले. पहिल्या दिवशी संध्याकाळी उंबऱ्यावरून आत आणला, कोठीवर बसवला, नथ घातली, अक्षता वाहिल्या. बाई दोन हातांवरून बघत होत्या. त्या पुढं आल्या नाहीत, पण त्यांचा आवाज बदलला.

"ही आमची नाही."

मला काही कळेना. दोन्ही मुखवटे एकाच साच्यातले, एकाच कासाराकडचे.

"डाव्या कानामागं बोट फिरव," बाई म्हणाल्या. "पोचा आहे का?"

मी बोट फिरवलं. कान गुळगुळीत होता.

बाई पाटावर बसल्या. मग त्यांनी सांगितलं की पाच वर्षांची गोदी खेळायला म्हणून ज्येष्ठा घेऊन पळाली आणि तिच्या हातून ती दगडी जोत्यावर पडली. आईनं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, मी पाडली. मारही त्यांनीच खाल्ला. "तेव्हा हात लावलेला चालत होता," असं म्हणून त्या थोडं हसल्या. ते हसणं काही बरं नव्हतं.

आता पंचाईत अशी की बसवलेली लक्ष्मी हलवायची नाही. कनिष्ठा तीन दिवस बाईंकडे अडकली आणि ज्येष्ठा तीन दिवस खालच्या आळीत. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, देवी ती देवी, कुठंही बसली तरी काय. बाईंनी रात्री जेवण घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "तिथं तिले आंबील कोण देणार?" शाळेबाहेर, मन हललं की त्यांची बोली अशी सुटायची.

त्यांच्या आईची एक रीत होती. ज्येष्ठेपुढं आधी आंबील ठेवायची आणि कनिष्ठेपुढं आधी पुरणपोळी. कुठल्याही पोथीत हे नाही. थोरल्या मुलीला आंबील आवडे आणि धाकटीला पोळी, एवढाच त्याचा आधार. गोदाताईंकडे इतकी वर्षं खरी कनिष्ठाच असल्यानं तिथं पोळी आधी. म्हणजे उद्या ज्येष्ठेपुढं आधी पोळी येणार, आणि आईच्या ज्येष्ठेची रीत मोडणार. हे बाईंना सहन होईना. स्वतःवर झालेला अन्याय त्या अकरा वर्षं पचवून होत्या, पण देवीच्या पानातला क्रम चुकणं, छे.

सकाळी त्यांनी आंबील केली, हुंगली, पितळी गडव्यात भरली आणि मला खालच्या आळीत पाठवलं. निरोप असा: शाळेकडून ज्येष्ठेसाठी. मी गेले तर गोदाताई देवीसमोर उभ्या होत्या आणि त्यांचा हात ज्येष्ठेच्या डाव्या कानामागं होता. डोळे सुजलेले. मला बघून त्यांनी हात काढला आणि जिभेला धार लावली. म्हणाल्या, नैवेद्य काही पोस्टानं येत नसतो, पोस्टमास्तरीणबाई. जिची लक्ष्मी आहे तिनं यावं.

मी गडवा परत आणला आणि निरोप शब्दशः सांगितला. मला वाटलं होतं, आता काही नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथं तर सुंभ पुरता शाबूत होता. बाईंनी गडव्यातली आंबील पुन्हा एकदा हुंगली. मग उठल्या, छत्री घेतली, ठेवून दिली, आणि गडवा स्वतःच्या हातात घेतला.

"मी गोदीकडे नाही जाऊन राह्यली," त्यांनी मला बजावलं. "ज्येष्ठेकडे जाऊन राह्यली. समजलं?"

मी समजलं म्हटलं. रस्त्यात भेटलेल्या तिघा-चौघांनाही त्यांनी न विचारता हेच समजावलं.

गोदाताईंच्या घरी नैवेद्याची वेळ, बाया खच्चून भरलेल्या. दारात बाई दिसल्या तशी घरभरची सगळी बडबड बंद झाली. इंदूच्या तोंडून सवयीनं "मोठ्या बाई" निघालं. बाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. गडवा पुढं केला. गोदाताई आल्या, गडव्याकडे बघितलं, बाईंच्या तोंडाकडे बघितलं. सासू जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, पण तिच्यासारख्या पुष्कळ जणी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांतली एक पुटपुटली की विधवेच्या हातचं...

गोदाताई वळल्या नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अक्का, तुह्या हातानं ठेव. मले ज्येष्ठेचं जमत नाही."

बाईंनी आधी भिंतीला टेकलेल्या बायांकडे बघितलं.

"हात लाव," गोदाताई म्हणाल्या. "त्या दिवशी मी नको म्हनलं होतं. आज मीच म्हणून राह्यली, लाव."

माझी अपेक्षा होती की बाई "पुढचा धडा" म्हणतील. त्याऐवजी त्या उंबरा ओलांडून आत आल्या, ज्येष्ठेपुढं बसल्या, वाटीत आंबील ओतली. थोडी पाटावर सांडली. मग त्यांनी हात वर नेला आणि डाव्या कानामागं, त्या पोच्यावर ठेवला. तिथं तो किती वेळ होता ते मला सांगता येणार नाही, कारण माझंच लक्ष पदरानं डोळे पुसण्याकडे होतं. चाळीस वह्या एका बैठकीत तपासणारी ती बाई लहान मुलीसारखी रडत होती, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून धाकटी बहीण तिच्याहून जास्त रडत होती.

पण ती घटका फार टिकली नाही. बाईंनी नाक पुसलं, तेवढ्यात त्यांना शेजारचं पान दिसलं. त्यांनी पुरणपोळी उचलली आणि हुंगली.

"जायफळ नाही टाकलं."

"टाकलं आहे."

"मायच्या हातचं असं लागत नव्हतं."

"मंग तू करून पाठवाचं होतं," गोदाताई म्हणाल्या. "अकरा वर्षं काय करून राह्यली होती?"

त्यावर सगळ्या बाया हसल्या, आणि भिंतीला टेकलेलीही हसली, कारण न हसणं आता महाग पडलं असतं. दुपारी गोदाताई ताटात पोळी घेऊन बाईंच्या घरी आल्या, कनिष्ठेला वाढायला. त्याही मला वाटेत सांगत होत्या की त्या अक्काकडे नाही, कनिष्ठेकडे चालल्या आहेत.

मिटलं म्हणजे गोडीगुलाबी सुरू झाली असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी या दोघींना पाहिलेलं नाही. आधी त्या माळणीमार्फत भांडत, आता समोरासमोर भांडू लागल्या. माळणीचा धंदा बसला. इंदूला घरी "मावशी" आणि शाळेत "बाई" असं म्हणायचा हुकूम निघाला. गृहपाठ दुप्पटच राहिला. चौथीचा तो धडा बाईंनी पुढच्या वर्षी शिकवला. शिकवायला चार दिवस घेतले, आणि मुली कंटाळून गेल्या.

करीमचाचांना मी विचारलं होतं, दोरे बदलले कसे. ते भात्यापाशी बसले होते. म्हणाले, "उमर झाली बाई. नजर कमजोर झाली. लाल काय, पिवळा काय." एवढं बोलून त्यांनी दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या हातातल्या तपेलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, बुडाशी सुईएवढं भोक आहे, ठेवून जा. ते भोक मला घरी उजेडात धरूनही सापडलं नव्हतं. मी तपेली ठेवली आणि पुढं काही विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी भादव्याच्या तोंडावर आमच्या पोस्टमास्तरांची बदली झाली. सामान बैलगाडीत चढलं होतं. बाईंचा निरोप मी सकाळीच घेतला होता. त्यांनी माझ्या हातात आंबिलीच्या पिठाची पुरचुंडी दिली होती आणि रडायची मनाई केली होती. गाडी बाजारातून निघाली तेव्हा करीमचाचांच्या दुकानातून त्या दोघी बाहेर पडताना दिसल्या. दोघींच्या काखेत एकेक बांधलेला मुखवटा. उजाळा नीट झाला की नाही यावर कडाक्याचं भांडण चाललं होतं आणि गाव दोन्ही बाजूंनी वाट देत होतं.

गाडी जवळून जाताना माझं लक्ष दोऱ्यांकडे गेलं. पिवळा बाईंच्या काखेत होता आणि तांबडा गोदाताईंच्या. मला राहवेना. मी गाडीतून ओरडून सांगितलं की बाई, पुन्हा अदलाबदल झाली, दोरे बघा.

बाई थांबल्या नाहीत. छत्रीनं मला पुढं जायची खूण केली आणि चालता चालताच म्हणाल्या, "होऊ दे. एकाच घरी जाऊन राह्यल्या ना दोघी."